जुन्या बागेत जुने काय असते

परदेशप्रवासाचा आराखडा आखताना बागांना बहुतेक वेळा शेवटची जागा मिळते. आधी किल्ला, राजवाडा, संग्रहालय. मग पायांत त्राण उरले आणि पावसाने कृपा केली, तर बाग. माझा हा क्रम हळूहळू उलटा होत गेला. त्याचे कारण फुलांची आवड हे म्हणता येणार नाही, कारण अनेक नामांकित बागांत फुले नावालाच असतात. मला बागांकडे ओढून नेते ती एक शंका. राजवाड्याची भिंत जुनी आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तिचा दगड खरोखरच जुना असतो. बागेतली झाडे मात्र वाढतात, वठतात, वादळात पडतात आणि त्यांच्या जागी नवी लावली जातात. माती बदलते, पाणी वाहून जाते आणि हिरवळ तर सदैव ताजी असावी अशीच अपेक्षा असते. मग प्रवेशद्वारावरची पाटी जेव्हा ‘सतराव्या शतकातील उद्यान’ असे सांगते, तेव्हा तिकीट काढून आत गेलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर सतराव्या शतकातले नेमके काय असते?

फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेत ही शंका अगदी उघड्यावर येते. चौदाव्या लुईसाठी आंद्रे ल नोत्र याने १६६१ पासून जी बाग आखली, तिच्यातली झाडे शतकभरात म्हातारी झाली आणि १७७४ मध्ये गादीवर आलेल्या सोळाव्या लुईने ती मोठ्या प्रमाणावर तोडून नव्याने लागवड करण्याचा हुकूम दिला. त्यानंतरही लागवडीच्या फेऱ्या होतच राहिल्या. २६ डिसेंबर १९९९ च्या वादळाने तर तिथली सुमारे दहा हजार झाडे काही तासांत आडवी केली. आज त्या सरळसोट रांगांमधून चालणारा पर्यटक मध्यमवयीन असेल, तर बाजूचे झाड त्याच्यापेक्षा लहान असण्याचा संभव बराच आहे. तरीही ती बाग ल नोत्रचीच वाटते. गच्चीची पातळी, उतारांचे कोन, मध्यरेषेची लांबी आणि त्या रेषेच्या टोकाला थेट क्षितिजाला भिडणारा कालवा, ही सगळी त्याची आखणी शाबूत आहे आणि झाडे तिच्या हद्दीत राहूनच पुन्हा पुन्हा उभी राहतात.

तिथे आणखी एक गोष्ट जुनी आहे, ती म्हणजे चालण्याचा क्रम. ही बाग पाहुण्यांना कशी दाखवावी, याच्या सूचना चौदाव्या लुईने १६८९ च्या सुमारास स्वतः तयार केल्या होत्या आणि पुढे त्यांत फेरफारही केले होते. राजवाड्यातून गच्चीवर यावे, पायऱ्यांच्या माथ्यावर थांबून खालचे ताटवे आणि कारंजी पाहावीत, मग लातोनाच्या कारंज्यापाशी यावे, तिथून अपोलोचे कारंजे आणि कालवा न्याहाळावा आणि मग मागे वळून राजवाड्याकडे बघावे, असा त्याचा साधारण रोख आहे. मी हा क्रम मुद्दाम पाळून पाहिला आणि राजाला आपल्या बागेची किती बारीक जाण होती याचे आश्चर्य वाटले, कारण जिथे तो थांबायला सांगतो, तिथेच दृश्य उलगडते. दहा पावले पुढे गेले की ते विस्कटते. पाण्याची मात्र त्या काळीही टंचाई होती. सगळी कारंजी एकाच वेळी पूर्ण जोमाने चालवणे अवघड असल्यामुळे, राजा जवळ येत असल्याची खूण माळी एकमेकांना शिट्टी वाजवून देत आणि तेवढ्यापुरते पाणी सोडले जाई. मला व्हर्सायबद्दल आदर आहे. प्रेम वाटते असे मात्र म्हणवत नाही. ती बाग इतकी सावध उभी असते, की तिच्यात बसावेसे वाटत नाही.

स्पेनमधल्या ग्रानादाच्या अलहाम्ब्रा किल्ल्याला लागून असलेल्या हेनेरालिफेत याच्या नेमके उलट होते, तिथून उठावेसे वाटत नाही. तिथे राज्य करणाऱ्या नसरी घराण्याच्या सुलतानांनी हा विसाव्याचा महाल तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमारास बांधला आणि तेव्हापासून तो नांदता राहिला आहे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात, महालाकडे जाताना लागणाऱ्या सुरूच्या उंच कातरलेल्या भिंती, त्यांतल्या कमानी आणि गुलाबांचे ताटवे हे विसाव्या शतकातले काम आहे. ज्या अंगणाची चित्रे प्रत्येक पोस्टकार्डावर असतात, त्या लांबट कालव्याच्या दोन्ही बाजूंनी कमान करून झेपावणारी कारंजी एकोणिसाव्या शतकात बसवली गेली. त्यापूर्वी तो कालवा बहुधा संथ असावा. १९५८ मध्ये या अंगणाच्या एका बाजूला आग लागली आणि तिच्यानंतर झालेल्या उत्खननात मध्ययुगीन वाफे सापडले. ते आजच्या मातीच्या बरेच खाली होते. म्हणजे वाटेवरून चालणाऱ्याच्या पायांशी रोपांचे शेंडे येत असणार आणि फुलांचा पृष्ठभाग गालिच्यासारखा पसरलेला दिसत असणार. कालव्याच्या काठाला वाफ्यांत पाणी सोडण्यासाठी ठेवलेली भोकेही तेव्हा मिळाली. आपण भारावून जाऊन ज्या उडत्या धारांचे फोटो काढतो, त्या सुलतानाला ओळखू आल्या नसत्या, हे कळल्यावर माझी थोडी निराशा झाली हे खरे. पण ती फार काळ टिकली नाही.

कारण त्याच महालाच्या वरच्या अंगाला पाण्याचा जिना आहे. लॉरेलच्या दाट फांद्यांखालून चढत जाणारा हा जिना दिसायला साधा आहे. मध्ये टप्प्याटप्प्याला छोटी चौथरी आणि त्यांत बेताचे कारंजे. चढताना हात कठड्यावर ठेवावा म्हणून पुढे केला, तर बोटे पाण्यात जातात. कठड्याच्या माथ्यावरच अर्धगोल पन्हळ आहे आणि तिच्यातून पाणी चांगल्या वेगाने खाली धावत असते. चुना धरलेल्या, शेवाळलेल्या त्या पन्हळीत पाण्याची उंची दोन-तीन बोटांपेक्षा जास्त नसते. वळणावर ते एका बाजूने किंचित उचलले जाते, क्षणभर काठाबाहेर पडेलसे वाटते आणि पुन्हा खाली बसते. ग्रानादाच्या उन्हाळ्यात त्या कठड्यावर तळवा टेकवून वर चढणे हे मला त्या प्रवासातले सर्वांत मोठे सुख वाटले. हे पाणी दारो नदीचे. शहराच्या वरच्या अंगाला सुमारे सहा किलोमीटरवर ते अडवून, डोंगराच्या कडेकडेने जवळजवळ सपाट वाटणाऱ्या उताराने किल्ल्यापर्यंत आणण्याची योजना तेराव्या शतकातली आहे. या बागेत फुले बदलली, कारंजी बदलली, वाफ्यांची पातळी बदलली. पाणी कोठून यायचे आणि कोणत्या बाजूला उतरायचे, हे मात्र बदलले नाही. तेव्हापासून कोणत्याही जुन्या बागेत गेले की मी आधी पाण्याचा माग काढते. झाडांची वये विचारण्यापेक्षा त्यातून बागेचे वय जास्त विश्वासाने कळते.

इराणमध्ये तर पाण्याखेरीज बागेला अर्थच नाही. काशानजवळच्या फिन बागेबाहेर रखरखीत वाळवंटी मुलूख आहे आणि भिंतीच्या आत पाय टाकला की पाण्याचा आवाज. २०११ मध्ये युनेस्कोने इराणमधल्या ज्या नऊ बागांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांतली ही एक. तिची सध्याची रचना सफवी राजघराण्याच्या काळातली, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सुमाराची. उंचावरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून केवळ उताराच्या जोरावर खेळवले जाते आणि पंपाशिवाय कारंजी उडतात. ती उडतात म्हणजे वीतभर उंच बुडबुडतात, एवढेच, आणि त्यातच त्यांची शोभा आहे. कालव्यांना आतून फिरोजी टाइल्स लावल्यामुळे निव्वळ रंगहीन पाणी गडद निळे दिसते. याच बागेच्या हमामात जानेवारी १८५२ मध्ये सुधारणावादी पंतप्रधान अमीर कबीर यांचा शाहच्या हुकमाने खून झाला. तिथे मेणाच्या पुतळ्यांनी तो प्रसंग मांडून ठेवला आहे आणि गर्दी तिथेच जास्त असते. मला ते आवडले नाही, पण लोक बागेत गोष्ट शोधतात हेही समजण्यासारखे आहे.

चीनमधल्या सुझौच्या बागांना गोष्टींची उणीव नाही. तिथली सर्वांत मोठी आणि सर्वांत गजबजलेली, विनम्र प्रशासकाची म्हणून ओळखली जाणारी बाग वांग शियानचेन या निवृत्त अधिकाऱ्याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीस करवून घेतली आणि त्याच्या मुलाने ती जुगारात घालवली, असे सांगतात. पुढे ती अनेक मालकांकडे गेली, तिचे तुकडे पडले, १८६० च्या दशकात सम्राटाविरुद्ध उठलेल्या ताइपिंग बंडखोरांच्या एका सेनानीचे निवासस्थान झाली आणि १९५० च्या दशकात दुरुस्त करून लोकांसाठी खुली करण्यात आली. वांगचा मित्र असलेला चित्रकार वेन झेंगमिंग याने १५३३ मध्ये या बागेची एकतीस दृश्ये चित्रांत आणि कवितांत उतरवून ठेवली आहेत. ती चित्रे आधी पाहून तिथे गेले, की गोंधळायला होते. चित्रांत मोकळी जागा आहे, फळझाडे आहेत, बांबूची बेटे आहेत, क्वचित एखादी झोपडीवजा कुटी आहे. प्रत्यक्षात मंडपांमागून मंडप, कमानदार पूल, नक्षीदार जाळ्यांच्या खिडक्या आणि छपराचे वर वळलेले कोपरे यांची दाटी आहे. मूळ बाग बहुधा उत्पन्न देणारी, थोडी शेतासारखी होती आणि नंतरच्या धनिकांनी तिच्यात आपापली हौस भरली.

म्हणून ती खोटी ठरते का? मला तसे वाटत नाही. तिथे एका लांबट तळ्याच्या पूर्व टोकाला उभे राहून पश्चिमेकडे पाहिले, की पाण्याच्या आणि झाडांच्या वर, दूरवर एक उंच पॅगोडा दिसतो. तो बागेतलाच वाटतो, पण असतो तो शहरातल्या उत्तरेकडच्या मंदिराचा, बागेच्या भिंतीपासून बराच लांब. बाहेरचे दृश्य आत आणून बागेचाच भाग करायचे, ही चिनी आणि जपानी उद्यानकलेतली मुरलेली युक्ती आहे. त्यासाठी मधली झाडे ठरावीक उंचीवर रोखावी लागतात, तळ्याचा तो पट्टा मोकळा ठेवावा लागतो. मालक बदलले, छपरे वाढली, तरी पॅगोडाकडे जाणारी ही नजरेची वाट कोणी ना कोणी सांभाळत आले, म्हणूनच ती आज मला मिळाली.

सांभाळण्याच्या या कामाचे खरे दर्शन घडले ते जपानमधल्या क्योतोमध्ये. रयोआन-जी मंदिराची दगडांची बाग जगप्रसिद्ध आहे. पांढऱ्या खडीचा एक आयताकृती पट्टा, साधारण टेनिसच्या मैदानाएवढा, त्यावर पाच गटांत मांडलेले पंधरा दगड आणि व्हरांड्यातून कोठूनही बसून पाहिले तरी त्यांतला निदान एक दुसऱ्याच्या आड. या मांडणीचा अर्थ काय, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे: समुद्रातली बेटे, ढगांवर आलेले डोंगर, पिलांना घेऊन नदी पार करणारी वाघीण. मी तिथे बसले, तेव्हा माझ्या आजूबाजूचे बरेच जण बोट दाखवून दगड मोजत होते. मला जास्त कुतूहल खडीचे वाटले. त्यावरच्या सरळ, समांतर रेघा दाताळ्याने ओढलेल्या असतात. वारा, पाऊस आणि पाखरे त्या मोडतात आणि मंदिरातले भिक्षू त्या पुन्हा ओढतात. ग्रॅनाइटची ही शुभ्र खडी पूर्वी क्योतोच्या शिराकावा नदीतून येत असे. आता तिथून ती काढायला बंदी आहे, म्हणून असलेली खडी जपून वापरावी लागते. म्हणजे पंधराव्या शतकाशी नाते सांगणाऱ्या या बागेत आपण जी रेघ पाहतो, ती फार तर काही दिवसांपूर्वीची असते आणि तिच्यात जुने काही असेल तर ते दाताळे धरण्याची रीत.

ही बाग कोणी केली, हे नक्की ठाऊक नाही. मात्र एका दगडाच्या मागच्या बाजूला, पाहणाऱ्याला कधीच दिसणार नाही अशा जागी, दोन नावे कोरलेली आहेत आणि त्यांतले एक कोतारो असे वाचले जाते. ही नावे ज्यांची असावीत असे मानले जाते, त्या कावारामोनो लोकांची हकिकत मला बागेच्या अर्थापेक्षा कितीतरी मोलाची वाटते. नदीकाठच्या पडीक जमिनीवर वस्ती करणारे हे लोक जनावरे सोलणे, कातडी कमावणे अशी कामे करत आणि समाजात अपवित्र मानले जात. माती उपसणे, झाडे उपटून आणणे, दगड हलवणे ही मेहनतीची कामेही त्यांच्याकडेच आली आणि ती करता करता त्यांतले काही जण उद्यानकलेचे जाणकार झाले. पंधराव्या शतकातला झेनआमी हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी शासक, आशिकागा योशिमासा त्याचा इतका चाहता होता, की झेनआमी आजारी पडल्यावर शोगुनने त्याला औषध पाठवल्याची नोंद आहे. झेनआमीचा नातू माताशिरो हाही बागा करत असे आणि अशा घरात जन्मल्याची खंत त्याने एका झेन भिक्षूपाशी बोलून दाखवली होती. कोणत्याही जिवाचा प्राण घ्यायचा नाही, असे त्याने ठरवले होते. शुद्धतेचे, रिक्ततेचे, ध्यानाचे प्रतीक म्हणून ज्या अंगणांकडे आपण पाहतो, ती अंगणे ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला जाई अशा हातांनी घडवली, हे माहितीपत्रकांत सहसा एका ओळीत आटोपलेले असते. ते व्हरांड्यावरच मोठ्या अक्षरांत लिहायला हवे होते, असे मला वाटत राहिले.

क्योतोच्याच पश्चिमेला साइहो-जी मंदिर आहे. मुसो सोसेकी या झेन आचार्याने १३३९ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. आज ते ओळखले जाते शेवाळासाठी; शंभराहून जास्त जातींचे शेवाळ तिथे आहे. गंमत अशी, की मुसोच्या बागेत हे शेवाळ नव्हतेच. मंदिराला वाईट दिवस आले, बागेची निगा सुटली आणि दमट दरीत शेवाळाने आपसूक जमीन व्यापली. पुढे ते इतके देखणे ठरले, की तेच जतन करण्याची वस्तू झाली. १९७७ पासून तिथला सर्रास प्रवेश बंद करण्यात आला. आधी परवानगी घ्यावी लागते आणि बागेत सोडण्याआधी मंदिरात बसून बौद्ध सूत्राची अक्षरे गिरवावी लागतात. सुरुवातीला हा उपचार वाटतो, पण ब्रश हातात धरून अर्धा तास बसल्यावर डोळ्यांची घाई खरोखरच कमी होते, हे मान्य केले पाहिजे.

निगा सुटल्यामुळे आलेले शेवाळ टिकवायला मात्र अखंड निगा लागते. झाडांची पाने त्यावर साचून राहिली, तर ते खालून कुजते, म्हणून ती रोज झाडावी लागतात, आणि तीही शेवाळ उचकटणार नाही अशा मऊ झाडूने. तिथे आणि क्योतोच्या इतर बागांतही मला रुंद काठांच्या टोप्या घातलेल्या, गुडघ्यांवर बसून काम करणाऱ्या बायका दिसल्या. शेवाळातून नुकते डोके काढलेले गवताचे पाते त्या एका बारीक हत्याराने मुळासकट वर घेत, बोटाने ती जागा दाबून सारखी करत आणि दोन इंच पुढे सरकत. मी बऱ्यापैकी वेळ त्यांच्याकडे पाहत थांबले, तेव्हा एकीने वर पाहून मान लववली आणि पुन्हा कामाला लागली. इतर पर्यटक त्या बायका चौकटीतून बाहेर जाण्याची वाट पाहत कॅमेरे धरून उभे होते. कामाची माणसे नसलेला फोटो सगळ्यांनाच हवा असतो.

अपवाद कानाझावाच्या केनरोकुएनचा. मायेदा सरदारांची ही बाग १८७४ पासून लोकांसाठी खुली आहे आणि तिथे १ नोव्हेंबरपासून माळीकाम हेच मुख्य आकर्षण असते. जपानच्या समुद्राकडून येणारे हिवाळी वारे तिथे ओला, जड बर्फ टाकतात आणि त्या भाराने पाइनच्या आडव्या फांद्या मोडू शकतात. म्हणून झाडालगत उंच खांब उभे करतात, त्यांच्या टोकापासून गवताच्या दोऱ्या छत्रीच्या काड्यांप्रमाणे खाली सोडतात आणि एकेका फांदीला एकेक दोरी बांधतात. सुरुवात कारासाकी पाइनपासून होते. बिवा सरोवराकाठच्या कारासाकीहून बी आणून तेराव्या सरदाराने, मायेदा नारियासूने, हे झाड वाढवले. वर चढलेला माळी दोरी फेकतो, खालचा ती झेलतो, ताण पाहतो, फांदी किंचित उचलली जाईल इतपत ओढतो आणि गाठ मारतो. मार्चच्या मध्यापासून हे सारे उतरवायला घेतात आणि पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा बांधतात. पाइनची देखभाल एवढ्यावर संपत नाही. वसंतात नवे कोंब हाताने खुडायचे, शरदात जुन्या सुया हाताने ओढून काढायच्या, तेव्हा कुठे आतपर्यंत ऊन पोहोचते आणि झाडाचा आकार तोच राहतो. तीन पायांच्या शिडीवर उभ्या असलेल्या माळ्याला एका झाडाला दिवस लागतो तो या कारणाने. अशी वर्षे गेली की झाड वाढते, पण वाढलेले दिसत नाही. पाइनच्या आकाराला जुना म्हणायचे असेल, तर त्याच्या वयाचा खरा हिशेब या खुडलेल्या कोंबांत ठेवावा लागेल.

प्रवाशाने काय करावे, असे कोणी मला विचारले, तर मी सांगेन की फुलांचा हंगाम चुकला तर चुकू द्यावा, पण दार उघडताना आत जावे. त्या वेळी झाडू, दाताळी, शिड्या बाहेर असतात. आणि शक्य असेल तर क्योतोच्या उत्तरेला एन्त्सू-जी नावाच्या छोट्या मंदिरात जावे. तिथे शेवाळाचे एक अंगण, काही सपाट दगड, नीट कातरलेले बुटके कुंपण, कुंपणामागे झाडांची काही सरळ खोडे आणि त्या खोडांच्या मधून हिएई पर्वत, एवढेच आहे. पर्वत मंदिराच्या मालकीचा नाही, मधली जमीनही नाही. मधे एखादी उंच इमारत उभी राहिली असती, तर अंगणातले दगड आणि शेवाळ जसेच्या तसे राहूनही बाग संपली असती. क्योतो महापालिकेने २००७ मध्ये शहरातली निवडक दृश्ये जपण्यासाठी जे नियम केले, त्यांत या दृश्याचा समावेश झाला आणि मंदिर व पर्वत यांच्यामधल्या टापूत काय बांधावे, किती उंच बांधावे यावर बंधने आली. कुंपण जास्त वाढले तर पर्वत झाकला जातो, आणि जास्त कातरले तर खालची घरे दिसू लागतात. घराचा नकाशा चुकीचा मंजूर झाला, तर कुंपण कितीही नेमके असून उपयोग नाही. शिडीवरचा माळी आणि नकाशे तपासणारा पालिकेचा कर्मचारी, दोघेही त्याच बागेचे काम करत असतात. तिकीट काढून आलेल्याला त्यांतला एकच दिसतो.